मी वाजले नाही तो सामना

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. आम्हा शिट्ट्यांना गोष्टी सांगायची सवय नाही. आम्हाला मुळात एकच शब्द येतो, आणि तोही कुणी फुंकल्याशिवाय बाहेर पडत नाही. पण सध्या मी मैदानाकडेच्या, कपडे बदलायच्या खोलीत खिडकीजवळच्या खिळ्याला लटकून असते. काम थोडं आणि वेळ भरपूर. शेजारच्या खिळ्याला एक टॉवेल आहे, पण तो ओला असला की रुसतो आणि वाळला की झोपतो. मग बोलायचं कुणाशी? म्हटलं, तुमच्याशीच बोलावं.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा साच्यात दाबायचा, दोन भाग डाख देऊन जोडायचे, घासायचे, वर चकचकीत मुलामा चढवायचा, असं ते काम. इतकं सगळं झालं तरी आम्ही मुक्याच असायचो. शेवटी आम्हाला एका आजींच्या हाती द्यायचे. त्या खिडकीच्या उजेडात बसत. बुचाची वाटाण्याएवढी गोळी त्या चिमटीत दाबायच्या आणि माझ्या पाठीवरच्या फटीतून अलगद आत सारायच्या. मग मला कानाशी नेऊन हलवायच्या. आत खुळखुळ झाली की मान डोलवायच्या. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव जसा पोपटात असतो, तसा शिट्टीचा जीव त्या गोळीत असतो. गोळी नाचली तर शिट्टी बोलते. गोळी अडली तर शिट्टी म्हणजे नुसतं पितळ. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खेळाच्या सामानाच्या दुकानात मी बुटांच्या नाड्या आणि हवा भरायचे पंप यांच्यामध्ये बरेच दिवस बसले होते. येणारी मुलं मला वाजवून बघायची आणि दुकानदार ओरडायचा. मग एके दिवशी एक पोस्टमन आले. त्यांनी मला वाजवलं नाही. फक्त तळहातावर घेऊन वजन पाहिलं, आणि खिशात टाकलं. तेच मामा.

मामा आठवडाभर पत्रं वाटत चालायचे आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानात रेफरी म्हणून धावायचे. पायाला भिंगरीच होती म्हणा ना. गावातल्या निरनिराळ्या कामांवरच्या माणसांचे संघ होते: बसडेपोचा, छापखान्याचा, बेकरीचा, दवाखान्याचा. मामांच्या तोंडात मी असले की दोन गल्ल्या ओलांडून आवाज जायचा. लोक म्हणायचे, मामांची शिट्टी म्हणजे शिट्टी. मी हरखून जायचे. पण मामांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, चांगला रेफरी तोच, जो शिट्टी कमी वाजवतो. मला हे बोलणं अजिबात पटत नसे. वाजायचं नाही तर जन्म कशाला घ्यायचा?

मामांसोबत त्यांची लहान भाची यायची. रेषेबाहेर बसून ती सगळे नियम पाठ करायची. एकदा तिनं मला मागितलं, तर मामा म्हणाले, आधी स्वतःची शिट्टी शीक. मग त्यांनी तिला दोन बोटं जिभेखाली घालून शिट्टी मारायला शिकवलं. ती घरी जाऊन इतक्या जोरात वाजवायची की तिची आई म्हणायची, मुलगी आहे की गुराखी! त्यानंतर ते शिक्षण घरात बंद झालं. बोटं मात्र ते विसरली नाहीत.

पुढे मामांचे गुडघे कुरकुरायला लागले. मैदान सुटलं. मी एका खणात जाऊन पडले. तिथे सुटी बटणं होती, संपलेले सेल होते, आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच ठाऊक नाही अशी एक किल्ली होती. ती किल्ली फार गर्विष्ठ. म्हणायची, माझं कुलूप सापडू द्या, मग बघा. मलाही तशीच आशा होती.

माझं कुलूप सापडलं. भाची मोठी झाली, कॉलेज शिकली, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि रेफरीची परीक्षाही पास झाली. मामांनी खण उघडून मला तिच्या हातावर ठेवलं. तेव्हापासून सगळे खेळाडू तिला ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

ताई रेफरी म्हणून निडर, पण घरी भारी काळजीखोर. जंतू सूक्ष्मदर्शकाखाली कसे वळवळतात हे रोज पाहणाऱ्या बाईला सुखानं पाणीसुद्धा पिता येत नाही. त्यात तिला मुलगी झाली, छबी. मग काय विचारता! बाळ रडलं तरी काळजी, आणि गप्प राहिलं तर जास्तच काळजी. दुपारी छबी गाढ झोपली की ताई हळूच मला तिच्या नाकाखाली धरायची. माझ्या चकचकीत अंगावर वाफेचा इवलासा ठिपका उमटला, की ताईचा जीव भांड्यात पडायचा. सासूबाई दारातून हे बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, माझ्या तिघांनी उंबरे चाटले, कोळसा खाल्ला. तिघंही धडधाकट आहेत. एक तर तुझ्या गळ्यात पडलाय." ताई हसायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा मला नाकाखाली धरायची.

आता भिंतीबद्दल सांगते. भिंत म्हणजे विटांची नव्हे. बसडेपोच्या संघाचा गोलकीपर. आठवडाभर तो बसच्या पोटाखाली निजून इंजिनं दुरुस्त करायचा आणि रविवारी गोलात उभा राहायचा. त्याच्या हातून चेंडू सुटत नसे, म्हणून हे नाव. त्याचे आईवडील दूरच्या देशातून आले होते. रंग काळाभोर, केस दाट कुरळे, हसणं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. तो स्वतः मात्र याच मैदानामागच्या दवाखान्यात जन्मला होता. ताईच्या सासूबाई तिथे नर्स होत्या. त्या सांगायच्या, हा जन्मला तेव्हाही असाच हात पसरून आला होता, जणू कुणी चेंडू टाकणार आहे.

एका सामन्यात भिंतीनं चेंडू पकडला आणि गोलामागून आवाज आला. हूप, हूप. माकडासारखा. पुन्हा त्याच्या हाती चेंडू आला, पुन्हा तोच आवाज. चारपाच जण होते, आणि त्यांचा म्होरक्या होता छापखान्यात कागद कापणारा एक गडी. डोक्यावर सदा पिवळी टोपी, म्हणून त्याला सगळे पिवळी टोपीच म्हणत. ताईनं मला असं फुंकलं की माझी गोळी गरगरली. सामना थांबला. ती तडक गोलामागे गेली. पिवळी टोपी म्हणाला की यात वाईट काय, ही तर गंमत, माणूस चिडला की चुकतो, खेळात एवढं चालतंच. ताईनं त्याला सांगितलं, तू बाहेर जा, नाहीतर सामना इथेच संपला. तो पुटपुटत गेला.

पुढच्या रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी डेपोचे खेळाडू आपणहून एक गुडघा टेकून बसले. कुणी सांगितलं नव्हतं. टीव्हीवर मोठमोठ्या संघांचे खेळाडू असे बसतात, रंगावरून माणसाला हिणवू नका एवढंच न बोलता सांगतात, ते त्यांनी पाहिलं होतं. मी ताईच्या गळ्यात होते. मला भिंतीचा चेहरा दिसला. तो गोलात उभा होता आणि हातमोज्यानं नाक पुसत होता. मग तोही बसला.

हळूहळू बेकरीवाले बसू लागले, दवाखान्यातले बसू लागले. आणि मग, मित्रांनो, वाद पेटला. मैदानाबाहेर, कारखान्यात, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे तिथे तोच विषय. शेवटी क्लबच्या मागच्या खोलीत सभा भरली. खुर्च्या कमी आणि मतं जास्त.

छापखान्याच्या संघाचा कप्तान, शाईनं नखं काळी झालेला धिप्पाड माणूस, म्हणाला की रविवारी घटकाभर पाय मोकळे करायला येतो, त्यात हे कशाला. खेळ खेळापुरता असावा. गुडघे टेकून जग सुधारलं असतं तर आतापर्यंत सगळं सरळ झालं असतं. त्यावर डेपोचा कंडक्टर उसळून म्हणाला, उभं राहून तरी कुठे सुधारलंय? कुणी म्हणालं प्रेक्षक वैतागतात. कुणी म्हणालं ज्यांना वैताग येतो त्यांच्यासाठीच तर हे आहे. क्लबचे अध्यक्षकाका हे निवृत्त मुख्याध्यापक. भांडण दिसलं की त्यांना वेळापत्रक सुचतं. त्यांनी टेबलावर चष्मा ठेवला आणि तोडगा काढला. सगळ्यांनी बसायचं, पण शिस्तीत. रेफरी लांब शिट्टी देईल, सगळे खाली. आखूड शिट्टी देईल, सगळे वर. मग खेळ सुरू. ना कुणाचं जास्त, ना कुणाचं कमी.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर मनातल्या मनात नाचले. बघा ना, आजवर माझ्या आवाजावर लोक थांबायचे, धावायचे, भांडायचे. आता माझ्या एका हाकेवर दोन्ही संघ गुडघे टेकणार होते. मामांच्या काळात एवढा मान कुठे होता?

पहिल्या रविवारी फार छान वाटलं. पुढच्या रविवारीही. मग मला काहीबाही दिसू लागलं. कुणी बसल्या बसल्या नाडी बांधून घ्यायचा. कुणी च्युइंगम चघळायचा. बेकरीचा एक बचावपटू तर जांभई द्यायचा, बिचारा पहाटेपासून भट्टीवर असे. प्रेक्षक मोठ्यानं आकडे मोजायचे, एक, दोन, तीन, आणि हसायचे. छापखान्याचा कप्तान बसायचा, पण उठताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत, शिट्टीवर उठाबशा काढायला?"

आणि एका रविवारी मी लांब वाजले, सगळे बसले, फक्त एक जण उभा राहिला. भिंत. गोलाच्या खांबाला पाठ टेकून, हात बांधून.

झालं! ज्याच्यासाठी सगळे बसतात तोच उभा. बसण्याला विरोध करणारे म्हणाले, बघा, त्यालाच नकोय. बाजूनं बोलणारे दुखावले. कंडक्टर दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. अध्यक्षकाकांनी त्याला मागच्या खोलीत बोलावलं. ताईही तिथे होती, म्हणून मीही होते.

भिंत म्हणाला, "काका, पहिल्यांदा माझे मित्र बसले ना, तेव्हा मला घरी जाऊन झोप लागली. आता मित्र नाही बसत. शिट्टी बसवते. शिट्टीचं काय, ती कॉर्नरलाही वाजते."

खोटं कशाला सांगू, मला फार लागलं. मी पितळी असले म्हणून काय झालं.

पुढे त्यानं शांतपणे सांगितलं की मोसमाचा शेवटचा सामना तो खेळेल, आणि मग हातमोजे कायमचे खुंटीला. काकांनी समजावलं, पण तो नुसता हसला. ते त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. काका मग म्हणाले की शेवटचा सामना होऊ दे, त्यानंतर ही पद्धत ठेवायची की मोडायची यावर समिती मत घेईल. जाताना ताईनं दारात भिंतीला थांबवलं. तिनं फक्त विचारलं, जेवलास का? तो म्हणाला, हो ताई.

शेवटचा सामना डेपो आणि छापखाना यांच्यातच होता. त्या सकाळी ताईचं कशात लक्ष नव्हतं. छबीला दात येत होते. दिसेल ते ती तोंडात घालायची. ताई बुटांच्या नाड्या शोधत होती तेवढ्यात छबीनं मला गळपट्ट्यासकट पकडलं आणि यथेच्छ चावलं. मला गुदगुल्या झाल्या. पण ताईनं पाहिलं आणि तिच्या डोळ्यांपुढे सगळं सूक्ष्मदर्शक उभं राहिलं. मैदानातली माती, किती जणांच्या तोंडचे शिंतोडे, आणि ते आता बाळाच्या पोटात! बाळाचं तोंड पुसून झालं, स्वतःचे हात धुऊन झाले. मग राहिले मी. चुलीवर दुधाच्या बाटल्या उकळत होत्या. ताईनं मला उचललं आणि त्यांच्यात सोडलं.

मित्रांनो, पितळेला उकळत्या पाण्यानं काही होत नाही. पण बुचाला होतं. प्रयोगशाळेत काम करणारी, एवढी शिकलेली बाई, पण त्या क्षणी ती फक्त आई होती. माझी गोळी पाणी पिऊन टम्म फुगली आणि आतल्या आत घट्ट बसली. मला ओरडायचं होतं. पण कशानं ओरडू?

ताईनं मला पुसून गळ्यात घातलं. वाजवून बघितलं नाही, कारण छबी नुकतीच डुलकी घेत होती.

मैदान भरलं होतं. सासूबाई छबीला आणि तिच्या सामानाची भलीमोठी पिशवी घेऊन आल्या होत्या. अध्यक्षकाका मध्यरेषेपाशी आपल्या घडीच्या खुर्चीत बसले होते. गोलामागे, नेहमीच्या जागी, पिवळी टोपी होता. समितीनं त्याला मागेच पुन्हा येऊ दिलं होतं, कारण तो आता गप्प असतो असं सगळ्यांना वाटत होतं.

ताईनं घड्याळ पाहिलं, छातीभर श्वास घेतला आणि लांब फुंकर मारली.

फुस्स.

तिनं मला झटकलं आणि पुन्हा फुंकलं. फुस्स. आधी हशा पिकला. कंडक्टर अर्धवट वाकून तसाच राहिला, खुर्ची काढून घेतल्यासारखा. बसायचं की नाही, कुणालाच कळेना. शिट्टी नाही तर हुकूम नाही. आकडे मोजणाऱ्यांनाही कुठून सुरुवात करावी ते समजेना. हसणं विरलं. मैदानावर अशी शांतता पसरली, जी मी माझ्या एवढ्या आयुष्यात तिथे कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत लांबून एक बारीक आवाज आला. हूप, हूप. दबका, कुजबुजल्यासारखा. जेमतेम गोलातल्या माणसाला ऐकू जावा इतकाच.

तेव्हा मला उमगलं. हा आवाज आजचा नव्हता. तो दर रविवारी येत होता. सगळे मध्यरेषेपाशी बसलेले असताना, आकडे मोजले जात असताना, माझ्या लांबलचक सुरामागे तो दडून राहत होता. भिंत दर रविवारी एकटाच तो ऐकत होता.

छापखान्याच्या कप्तानाचं डोकं वर झालं. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. रोज त्याच्या शेजारच्या यंत्रावर कागद कापणाऱ्या माणसाचा. त्यानं चेंडू पायाखालून सोडला आणि अख्खं मैदान ओलांडत तो समोरच्या गोलाकडे चालू लागला. ताईही लगबगीनं मागे निघाली, मला मुठीत धरून. तिला वाटलं, आता मारामारी होणार.

कप्तान भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. एकाच्या नखांत शाई, दुसऱ्याच्या हातमोज्याआडच्या नखांत वंगण.

"हे रोज असतं?" कप्तानानं विचारलं.

"दर सामन्याला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुम्ही सगळे मान खाली घालून बसलेले असायचात."

कप्तानानं गोलामागे मान वळवली. त्यानं पिवळ्या टोपीकडे पाहिलं. टोपीनं आकाशाकडे पाहिलं. मग कप्तान म्हणाला, "आम्ही काय करायचं, ते तू सांग."

मित्रांनो, एवढ्या सभा झाल्या, एवढी मतं मांडली गेली, पण हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. भिंतही गोंधळला. त्यानं हातमोजा काढला, घातला. मग म्हणाला, "माझ्या पाठीशी कुणीतरी ओळखीचं उभं राहा. बस, एवढंच."

कप्तानानं वळून आपल्या राखीव खेळाडूंना हाक मारली आणि गोलामागे बोट दाखवलं. ते गेले. ते बघून डेपोचे राखीव गेले. मग अध्यक्षकाका उठले, खुर्ची घडी करून काखेत मारली आणि तेही निघाले. बेकरीवाले त्या दिवशी नुसता सामना बघायला आले होते, तेही गेले. सगळ्यात शेवटी सासूबाई आल्या. गुडघे सांभाळत, धापा टाकत, नेमक्या पिवळ्या टोपीच्या शेजारी येऊन थांबल्या. "हे धर जरा," म्हणून त्यांनी छबीला त्याच्या हातात दिलं आणि स्वतः पदर सावरत गवतावर बसल्या. बसल्यावर मात्र त्यांनी बाळ परत घेतलं नाही. छबीनं त्याची पिवळी टोपी ओढून तोंडात घातली. आता त्या माणसाला तोंडातून कसलाही आवाज काढायची सोय उरली नाही. बाळ दचकलं असतं.

इकडे मैदानात डेपोचे खेळाडू जागच्या जागी एक गुडघा टेकून बसले, पहिल्या दिवशी बसले होते तसे. छापखान्याचे काही बसले, काही उभे राहिले. कप्तान उभाच होता, खांबाला हात लावून, भिंतीच्या शेजारी. कुणी मोजलं नाही. कुणी कुणाकडे डोळे वटारून बघितलं नाही. भिंत मागे वळून गोलामागच्या त्या गर्दीकडे बघत राहिला, आणि मग हसला. ते हसणं बसडेपोपर्यंत गेलं असेल.

आता सामना सुरू कशानं करायचा? मी तर मुकी. ताईनं मला खिशात ठेवलं, दोन बोटं जिभेखाली घातली आणि अशी शिट्टी मारली की झाडावरचे पक्षी उडाले. मामा तिथे असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. खिशात बसून मी ऐकत होते आणि पहिल्यांदाच मला दुसऱ्याच्या आवाजाचा हेवा वाटला नाही.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. तेव्हा तर गंमतच झाली. भिंत त्या गोलात गेला, म्हणून गोलामागची सगळी वरातही निघाली. पुढे काका खुर्ची घेऊन, मागे बेकरीवाले, त्यांच्यामागे कडेवर छबीला घेऊन सासूबाई. आणि सगळ्यांच्या शेवटी, छबीच्या लाळेनं भिजलेली टोपी डोक्यावर घालून, खांद्यावर बाळाच्या सामानाची पिशवी सांभाळत पिवळी टोपी. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं. पण सासूबाईंनी पिशवी दिली होती, ती टाकणार कुठे?

खेळाचं म्हणाल तर डेपो हरला. कप्तानानंच भिंतीवर गोल मारला. भिंत ताईशी कडाडून भांडला, म्हणाला ऑफसाइड होता, सगळ्यांनी पाहिलंय. ताई म्हणाली, नव्हता. तो तणतणत जाळीतून चेंडू काढायला गेला. तिथे थोडा घुटमळला, जाळीत बोट घालून बघितलं, आणि गोलामागच्या खुर्चीत बसलेल्या अध्यक्षांना ओरडून म्हणाला, "काका, जाळीला भोक आहे. पुढच्या मोसमाआधी शिवून घ्या. मी पुन्हा सांगणार नाही."

काकांनी एकदम होकार दिला. ताईनं तोंड फिरवलं, कारण रेफरीच्या डोळ्यांत मैदानावर पाणी दिसलेलं बरं नव्हे. हातमोज्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही आणि त्यानंही काही सांगितलं नाही.

समितीची सभा झाली. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला उभं राहायचं त्यानं उभं राहावं, त्यासाठी शिट्टी मात्र कुणी वाजवू नये, असं ठरलं. वाद अजूनही मिटलेला नाही, बरं का. कंडक्टर आणि कप्तान आजही याच खोलीत नाड्या बांधता बांधता त्यावर हुज्जत घालतात. पण आता ते भिंतीला मधे बसवून घालतात, आणि तो दोघांनाही चिडवतो. गोलामागे कायमचा एक बाक आला आहे. पिवळी टोपी तिथे येतो. तो सुधारला की नाही, ते मला ठाऊक नाही. एवढं खरं की छबी आता चालायला लागली आहे आणि त्याला बघितलं की टोपीसाठी हात पसरते.

माझी गोळी पुढे वाळली, पण पहिल्यासारखी राहिली नाही. वाजले की आवाजात थोडी घरघर येते. ताईनं बिनगोळीची, प्लास्टिकची लाल शिट्टी घेतली आहे. ती पाण्यानंही धुता येते, फार गुणी आहे. मला इथे टांगलं आहे. शेवटच्या सामन्याला मात्र ताई अजूनही मलाच गळ्यात घालते.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी शिट्टी असेल, तर तिला खणात टाकू नका. वरचेवर पुसा, वाजवा, आणि हात जोडून सांगते, दुधाच्या बाटल्यांबरोबर उकळू नका. आणि खेळताना मधूनमधून सगळे जरा गप्प व्हा. लांब, गोलात, एकटं कोण उभं आहे आणि त्याला काय ऐकू येतंय, ते तेवढ्यातच कळतं. मग त्याच्याकडे जा आणि त्यालाच विचारा. पुढचं तो सांगेल.